खोली बघताय? आधी रेडिएटर बघा!

मास्टर्ससाठी न्यूयॉर्कला निघालाय? मग भाड्याची खोली ठरवताना वायफायच्या आधी खिडकीखालचा लोखंडी रेडिएटर बघा. तळघरातला बॉयलर वाफेचा आहे की गरम पाण्याचा, हे विचारा. तुमचा अख्खा हिवाळा त्यावर ठरणार आहे!

वाफेच्या सिस्टिममध्ये वाफ पंपाशिवाय वर चढते, रेडिएटरमध्ये थंड होते आणि पाणी होऊन खाली परतते. रेडिएटर मात्र चटका बसेल इतका तापतो. त्याला एकच पाइप असेल तर व्हॉल्व्ह एकतर पूर्ण उघडा ठेवा, नाहीतर पूर्ण बंद. ‘फार उकडतंय’ म्हणून अर्धवट फिरवलात, तर पाणी अडकतं आणि रात्री कुणी हातोडा मारतंय असे आवाज सुरू!

गरम पाण्याच्या सिस्टिममध्ये साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसचं पाणी पंपाने फिरतं. तापायला वेळ लागतो, पण ऊब एकसारखी मिळते. आवाज कमी, इंधनही सहसा कमी. मग जुनी सिस्टिम बदलत का नाहीत? कारण नुसता बॉयलर बदलून भागत नाही. पाइप-रेडिएटरपर्यंत काम निघतं आणि खर्च वाढतो.

बॉयलर कुठलाही असो, एक नियम पाठच करा. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात, सकाळी ६ ते रात्री १० दरम्यान बाहेरचं तापमान ५५ फॅरनहाइटखाली गेलं, तर घरात किमान ६८, म्हणजे २० सेल्सिअस, हवंच. रात्री किमान ६२. घरमालक ऐकत नसेल तर ३११ला फोन करा. ‘चालतंय की’ म्हणत कुडकुडत बसू नका!