न पिता येणाऱ्या पाण्याची राखण

या आठवड्यात विहिरीच्या नळ्यांची दाब-चाचणी सांगेन, असं मी कबूल केलं होतं. ती आता पुढच्या वेळी. मधे दर्यापूर तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आलं आणि त्याचं उत्तर दोन ओळींत उरकावंसं वाटेना.

हे वाचक खारपाणपट्ट्यातले. त्यांच्या बोअरचं पाणी गुरंसुद्धा नाइलाजानं पितात. एका लिटरमध्ये जवळजवळ दहा हजार मिलिग्रॅम क्षार असलेलं भूजलही अमेरिकेचा कायदा ‘पिण्याच्या पाण्याचा साठा’ धरून सांभाळतो, हे मागच्या लेखात वाचून त्यांना आश्चर्य वाटलं. असलं पाणी राखून करायचं काय, आणि त्यापायी तेलवाल्यांना खर्चात कशाला पाडायचं, असं त्यांनी विचारलंय. इंजेक्शन विहिरींच्या, म्हणजे नको असलेलं पाणी जमिनीखाली खोल सोडणाऱ्या विहिरींच्या, सगळ्या नियमावलीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो नेमका हाच आकडा, त्यामुळे आजचा लेख त्यालाच देतो.

दहा हजार मिलिग्रॅम म्हणजे लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम क्षार. आपल्या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी 500 ही इष्ट मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घेतात. समुद्राचं पाणी सुमारे 35,000. म्हणजे दहा हजार हा आकडा गोड पाण्याच्या बराच पलीकडे, मचूळ पाण्याच्या मुलखात जाऊन बसतो.

तो आला कुठून? अमेरिकेच्या सुरक्षित पेयजल कायद्यावर राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांची सही झाली 16 डिसेंबर 1974 रोजी. कायद्याच्या मजकुरात आकडा नव्हता. मात्र विधेयक तपासणाऱ्या प्रतिनिधिगृहाच्या समितीनं आपल्या अहवालात लिहून ठेवलं, की दहा हजारांच्या आतल्या भूजलाला तरी नियमांनी संरक्षण द्यावं. पर्यावरण संरक्षण संस्थेनं 1980 साली नियम केले तेव्हा तोच आकडा व्याख्येत घातला. सार्वजनिक नळयोजनेला पुरेल इतकं पाणी धरणारा जमिनीखालचा थर, म्हणजे जलधर, असेल आणि त्यातले क्षार दहा हजारांच्या आत असतील, तर आज त्यातला थेंबही कुणी पीत नसला तरी तो संरक्षित. लोक पीत असतील तर तो संरक्षित आहेच.

तेलवाल्यांना हे जड जाणार होतं. तेलाबरोबर वर येणारं खारं पाणी पुष्कळदा समुद्राहून खारट असतं आणि त्याची विल्हेवाट लावणाऱ्या किंवा तेच पाणी तेल ढकलायला वापरणाऱ्या विहिरी त्या देशात सुमारे 1,80,000 आहेत. हाताशी असलेल्या मचूळ थरात ते सोडणं स्वस्त पडतं. या व्याख्येमुळे त्यांना तो थर ओलांडून आणखी खाली जावं लागलं, वाटेतल्या प्रत्येक संरक्षित थरापाशी पोलादी नळी आणि सिमेंटचं अस्तर द्यावं लागलं. खोलीचा खर्च वाढला, हे खरंच आहे. पण खाऱ्या पाण्यानं बिघडलेला जलधर धुऊन काढायचा उपाय कुणाकडेच नव्हता; आजही तो व्यवहारात जवळपास नाहीच.

आता पत्रातला मुख्य प्रश्न. असलं पाणी राखून झालं काय? त्यासाठी एल पासोला जाऊ. टेक्सासच्या पश्चिम टोकाला, मेक्सिकोच्या सीमेवर, वाळवंटात वसलेलं हे शहर. हुएको बोल्सन नावाच्या जलधरातलं गोड पाणी उपसून उपसून कमी होत गेलं आणि शेजारचं मचूळ पाणी शहराच्या विहिरींकडे सरकू लागलं. 2007 साली शहरानं आणि तिथल्या लष्करी तळानं मिळून क्षार काढण्याचा मोठा कारखाना सुरू केला. त्याची क्षमता दिवसाला साधारण 10 कोटी लिटर. घरातल्या आरओ यंत्राचंच तत्त्व, आणि कच्चा माल म्हणजे तेच मचूळ भूजल. 1974 साली ज्याला कुणी किंमत दिली नसती, ते पाणी आज एल पासोच्या नळाला येतं. गाळून उरलेलं दाट खारं पाणी सुमारे 35 किलोमीटर नळानं नेतात आणि इंजेक्शन विहिरींतूनच खोल खडकात सोडतात! कारखान्याच्या तेहेतीस वर्षं आधी समितीच्या अहवालात उतरलेल्या एका ओळीची किंमत मला तरी या गावातच नीट कळते.

या व्याख्येला एक पळवाटही आहे, आणि तिच्याबद्दल मला मनापासून चिंता वाटते. एखादा जलधर आज कुणी पीत नाही आणि पुढेही पिणार नाही, असं दाखवता आलं तर त्याला संरक्षणातून वगळता येतं. कारणं ठरलेली आहेत: त्यात तेल किंवा खनिज आहे, तो फार खोल आहे, आधीच बिघडलेला आहे, किंवा क्षार 3,000 ते 10,000 च्या दरम्यान असून नळयोजनेसाठी तो लागण्याची शक्यता दिसत नाही. वायोमिंग, नेब्रास्का आणि टेक्सासमध्ये युरेनियम जलधराच्या वाळूच्या खडकातच असतं. रसायन सोडून ते विरघळवून काढायचं तर ही सूट लागतेच. प्रश्न हा, की ‘पुढेही पिणार नाही’ हे आज कोण सांगणार? एल पासोबद्दल 1974 साली कुणी सांगितलं असतं?

कॅलिफोर्नियात तर निष्काळजीपणाची कमाल झाली. तेलक्षेत्रातल्या इंजेक्शन विहिरींचे परवाने राज्याकडे सोपवले गेले तेव्हाच्या करारनाम्याच्या दोन प्रती निघाल्या: एकीत 11 जलधरांना सूट, दुसरीत तीच नाकारलेली. तीस वर्षं परवाने निघत राहिले. 2014 च्या जुलैत, ऐन दुष्काळात, केर्न परगण्यातल्या 11 इंजेक्शन विहिरी तातडीनं बंद करायला लावल्या. मग छाननीत अशा संशयास्पद परवान्यांचा आकडा दोन हजारांवर गेला. ज्या वर्षी शेतकरी थेंबाथेंबासाठी नवी बोअर घेत होते, त्याच वर्षी हे उघड झालं.

आपल्याकडचा जल प्रदूषण कायदाही 1974 चाच, अमेरिकेच्या कायद्यापेक्षा काही महिने आधीचा. त्यातल्या ‘प्रवाहा’च्या व्याख्येत जमिनीखालचं पाणीही येतं आणि कलम 24 विहिरीत घाण सोडायला स्पष्ट मनाई करतं. क्षारांची कसलीही पायरी तिथे नाही. पाणी गोड असो की खारं, मनाई सारखीच. कागदावर हे त्यांच्यापेक्षा कडक आहे. तरीही बोअरमध्ये सांडपाणी सोडणारे कारखाने आपल्या देशात सापडत राहतात, कारण एखादी बोअर दूषित झाली हे सिद्ध करायला ती आधी कशी होती याची नोंद लागते, आणि ती बहुतेकांकडे नसते.

म्हणून दर्यापूरच्या वाचकांना, आणि खारपाणपट्ट्यातल्या सगळ्यांनाच, एक विनंती. आपलं पाणी खारट आहे म्हणून त्याची तपासणी टाळू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत एकदा नमुना द्या, आणि तारखेसह मिळालेला अहवाल सातबाऱ्याबरोबर जपून ठेवा.