मेपलची लपलेली रेष

मेपल म्हटलं की आपल्याला कॅनडाच्या झेंड्यावरचं लाल पान आठवतं, फार तर तो गोड पाक. टोरँटोला भाच्याकडे राहिलो तेव्हा मला मात्र भुरळ पडली ती त्याच्या स्वयंपाकघरातल्या फळीची. शुगर मेपलची ती पांढुरकी फळी रोज सुरी खाते, पण अंगावर नुसते ओरखडे!

हे लाकूड सागवानापेक्षा कठीण. सागाची छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसतात; मेपलची इतकी बारीक आणि सारखी पसरलेली, की रंधा मारल्यावर हाताला साबणासारखं लागतं. म्हणूनच तिकडे बास्केटबॉलची मैदानं, बोलिंगच्या पट्ट्या, सुतारांची बाकं याची करतात. उन्हापावसात मात्र ते लवकर कुजतं. दाराखिडक्यांना आपला सागच बरा. रंगही डागाडागांनी बसतो, आणि करवत जरा रेंगाळली की कड करपते.

या गुळगुळीतपणाने एकदा भलताच घोळ घातला. बेसबॉलच्या बॅटी पूर्वी बहुतेक ॲश लाकडाच्या असत. ओटावाच्या सॅम होल्मन या सुताराने मेपलची बॅट केली. १९९७ मध्ये टोरँटोच्या जो कार्टरने ती हाती धरली. २००१ मध्ये बॅरी बाँड्सने मेपलच्या बॅटीने एका हंगामात ७३ होमरन ठोकले, आणि मग काय, ज्याला त्याला मेपलच हवं!

ॲशची बॅट बहुधा चिरते, तिचे पापुद्रे सुटतात. मेपलची मात्र कडाडून दुभंगते आणि टोकदार तुकडा भाल्यासारखा सुटतो. एप्रिल २००८ मध्ये लॉस एंजेलिसला अशाच तुकड्याने प्रेक्षकांतल्या एका बाईचा जबडा मोडला.

तपासात दोष निघाला तंतूंच्या दिशेचा. तंतू बॅटीच्या लांबीला समांतर असतील तर बॅट दणका सोसते. तिरके गेले की तिथेच तुटते. ॲशमध्ये ही रेष दिसते, मेपलमध्ये दिसतच नाही. क्रिकेटची बॅट घेताना आपण विलोच्या रेषा मोजतो, तशी इथे सोय नाही.

२००९ पासून मेपलच्या बॅटीच्या मुठीवर शाईचा एक ठिपका टाकतात. शाई तंतूंच्या वाटेने पसरते. ती तीन अंशांहून जास्त कलली तर बॅट बाद. शिवाय चेंडू मजबूत बाजूवर बसावा म्हणून कंपनीचा शिक्काही पाव फेरा सरकवला. तुकडे उडण्याचं प्रमाण पुढे जवळपास निम्म्यावर आलं. टीव्हीवर सामना लागला की मी हल्ली त्या ठिपक्याकडेच डोळे लावून बसतो. भाचा म्हणतो, मामा, जरा स्कोअरही बघा!