आफ्रिकेतील पहिली सफारी : कुठे, की केव्हा?

मे महिना लागला की महाराष्ट्रातील वन्यप्राण्यांचे चाहते ताडोबाची वाट धरतात. ऊन अंग भाजून काढणारे असते, तरी जाणारे जातात. कारण गवत वाळलेले असते, झाडांची पाने गळलेली असतात आणि ओढे आटलेले असतात. उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांवर प्राण्यांना यावेच लागते. पावसाळ्यात प्राणी काही नाहीसे होत नाहीत, पण पाणी सगळीकडे असल्याने ते पांगतात आणि दाट झाडोऱ्यात दिसेनासे होतात.

ही सवय मनात इतकी पक्की बसलेली असते की आफ्रिकेची सफारी ठरवतानाही आपण नकळत मे महिनाच धरून चालतो. शाळांना सुट्टी तेव्हाच असते. मग प्रश्न उरतो तो फक्त ‘कुठे?’ सेरेंगेटी, मसाई मारा, क्रूगर, ओकावांगो... माहितीपत्रकांत सगळीच ठिकाणे सर्वोत्तम असतात. पण मे महिन्याच्या आरंभी केनियात उतरणारा पाहुणा भर पावसाळ्यात जाऊन पोहोचतो. रस्त्यांवर चिखल, गवत कंबरेएवढे आणि काही तंबू-निवास बंद! अनेक वर्षे पैसे साठवून, बहुधा आयुष्यात एकदाच करायच्या या प्रवासात अशी चूक फार महाग पडते. म्हणून ‘कुठे?’ या प्रश्नाच्या आधी ‘केव्हा?’ हा प्रश्न विचारावा, असे आम्ही सुचवतो. त्याचे उत्तर भूगोलाच्या पुस्तकातच सापडते.

पाऊस सूर्याच्या मागे जातो

विषुववृत्ताच्या आसपास दोन्ही गोलार्धांतील वारे जिथे एकत्र येतात, तिथे तापलेली दमट हवा वर चढते, थंड होते आणि पाऊस पाडते. या पट्ट्याला आंतर-उष्णकटिबंधीय अभिसरण पट्टा म्हणतात. वर्षभरात सूर्य उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे सरकतो, तसा हा पट्टाही थोडा मागे राहून सरकत असतो. जून-जुलैमध्ये तो भारतावर आलेला असतो, म्हणजे आपला मान्सून. डिसेंबर-जानेवारीत तो दक्षिण आफ्रिका खंडावर गेलेला असतो.

सेरेंगेटी विषुववृत्तापासून फक्त दोन-तीन अंश दक्षिणेला आहे. तेथून हा पट्टा वर्षातून दोनदा जातो, म्हणून तेथे पावसाचे ऋतूही दोन. मार्च ते मे हा मोठा पाऊस आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर ते डिसेंबर हा लहान पाऊस. याउलट नामिबियातील एतोशा सुमारे १९ अंश दक्षिणेला आहे आणि क्रूगरमधून तर मकरवृत्तच जाते. तेथे पावसाळा एकच, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च. मुंबई १९ अंश उत्तरेला आहे, हे लक्षात घेतले तर एतोशा म्हणजे जणू आपल्या ऋतूंचे आरशातील प्रतिबिंब होय. आपला पावसाळा तो त्यांचा कोरडा हिवाळा.

सेरेंगेटी आणि मारा : चालता कळप

टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान (स्थापना १९५१, क्षेत्रफळ सुमारे १४,७६० चौरस किलोमीटर) आणि त्याला लागून असलेले केनियातील मसाई मारा हे कुरण खरे पाहता एकच. मधली सरहद्द माणसांची आहे. या कुरणावर सुमारे तेरा लाख वाइल्डबीस्ट, त्यांच्या जोडीला लाखो झेब्रे आणि आपल्या चिंकाऱ्याचे नातलग असलेले गॅझेल वर्षभर फिरत असतात.

ते का फिरतात? आग्नेयेकडच्या मैदानावर ज्वालामुखीची राख पसरलेली आहे. तेथील आखूड गवतात कॅल्शियम व फॉस्फरस भरपूर असते, आणि पिल्लांना दूध पाजणाऱ्या माद्यांना नेमके तेच हवे असते. पण मातीचा थर उथळ, खाली चुन्याचा कडक थर आणि पाऊसही कमी. पावसाळा संपला की गवत लवकर करपते आणि प्यायला पाणी उरत नाही. उत्तरेला मारा नदीकडे पाऊस जास्त पडतो. तेथील गवत उंच आणि पोषणाला कमी प्रतीचे असले, तरी कोरड्या दिवसांत तेच टिकते, आणि मारा नदीला बारमाही पाणी असते. पावसात सकस चाऱ्यासाठी दक्षिणेला आणि उन्हाळीत पाण्यासाठी उत्तरेला, असा हा हिशेब आहे.

त्यामुळे ‘सेरेंगेटी पाहिली’ या वाक्याला महिना सांगितल्याशिवाय अर्थ नाही. फेब्रुवारीच्या सुमारास दक्षिणेच्या मैदानावर बहुतेक पिल्ले दोन-तीन आठवड्यांत जन्माला येतात. इतकी एकदम, की सिंह आणि तरस पोटभर खाऊनही बहुसंख्य पिल्ले उरतात. जन्मल्यावर काही मिनिटांतच पिल्लू उभे राहते. साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात कळप उत्तरेला असतात, आणि मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडण्याचे प्रसिद्ध दृश्य तेव्हाच दिसते. मात्र तारीख कोणीच देऊ शकत नाही. जनावरे पावसामागे जातात, आणि पाऊस पंचांग पाहून येत नाही. ‘नदी ओलांडताना नक्की दाखवू’ असे सांगणाऱ्यापासून सावध राहावे.

हा तेरा लाखांचा कळप फार जुना नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गुरांचा बुळकांडी हा रोग आफ्रिकेत शिरला आणि त्याने गुरांबरोबर रानातील खुरवाल्या प्राण्यांचाही फडशा पाडला. १९६०च्या सुमारास सेरेंगेटीत वाइल्डबीस्ट अडीच लाखांच्या आसपास होते. भोवतालच्या गुरांना लस टोचल्यावर रानातील रोगही ओसरला, आणि १९७७ पर्यंत त्यांची संख्या तेरा लाखांवर गेली. म्हणजे लस गाईला टोचली आणि जगले वाइल्डबीस्ट! बुळकांडीसारख्या रोगांच्या अभ्यासासाठी भारतात १८८९ मध्ये पुण्यात प्रयोगशाळा सुरू झाली होती. ती १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलली. २०११ मध्ये हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले.

सेरेंगेटीच्या शेजारचे न्गोरोन्गोरो हे या हिशेबाला अपवाद आहे. सुमारे ६०० मीटर खोल आणि २६० चौरस किलोमीटर तळ असलेल्या या ज्वालामुखी-विवरात झऱ्यांचे व ओढ्यांचे पाणी बारमाही असते. त्यामुळे बरेचसे प्राणी वर्षभर तेथेच राहतात. ज्यांना महिना निवडण्याची मोकळीक नाही, त्यांना ही सोय मोठी आहे.

क्रूगर आणि एतोशा : पाणवठ्यावर बसा

दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर (राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९२६, क्षेत्रफळ सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर) येथे ताडोबाचाच नियम लागू पडतो, फक्त महिने वेगळे. मे ते सप्टेंबर पाऊस जवळजवळ नसतो, झाडोरा विरळ होतो आणि प्राणी नद्यांकडे व पाणवठ्यांकडे येतात. हत्तीला दिवसाला शंभर लिटरांहून अधिक पाणी लागते, तो पाण्यापासून किती दूर जाणार?

पहिल्या सफारीसाठी क्रूगरचा आणखी एक गुण आहे. मुख्य रस्ते डांबरी आहेत आणि गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. सरकारी निवासांत स्वतः स्वयंपाक करण्याची सोय असते. खर्च आवरता येतो आणि शाकाहारी माणसाची अडचणही होत नाही.

एतोशात सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचा मिठाचा खारपट आहे आणि त्याच्या दक्षिण काठावर झरे. कोरड्या ऋतूत पाणवठ्याजवळ नुसते बसून राहिले की झेब्रे, हत्ती, गेमझबॉक असे एकेक प्राणी आपणच समोर येतात. जुलै ते ऑक्टोबर हे तेथील सर्वांत चांगले महिने.

ओकावांगो : उन्हाळीतला पूर

बोत्सवानातील ओकावांगो नदी समुद्राला मिळतच नाही. कलहारीच्या वाळूत पसरून ती तेथेच संपते. पाऊस पडतो तो दूर अंगोलाच्या डोंगराळ भागात, मुख्यतः डिसेंबर ते मार्च. त्रिभुजप्रदेशाचा उतार इतका कमी आहे की हे पाणी वेली-लव्हाळ्यांतून वाट काढत खालच्या टोकाला पोहोचेपर्यंत जून ते ऑगस्ट उजाडतो. म्हणजे भोवतालचा प्रदेश कोरडा ठणठणीत असतो, नेमका तेव्हा येथे पूर येतो! चारी दिशांचे प्राणी इकडे ओढले जातात. आलेले बहुतेक सारे पाणी अखेर बाष्प होऊन उडून जाते. २०१४ मध्ये हा प्रदेश जागतिक वारसा यादीतील हजारावे स्थळ ठरला. मोजकेच पाहुणे आणि जास्त शुल्क असे तेथील धोरण असल्याने हा पर्याय सर्वांत महागड्यांपैकी आहे.

मग निवड कशी करावी?

आपली सुट्टी मे महिन्यात असेल तर दक्षिणेकडे वळावे. पाऊस नुकताच संपलेला असतो. क्रूगरमध्ये गवत थोडे उंच असले तरी प्राणी दिसू लागतात. महिन्याची अखेर गाठता आली तर अधिक बरे. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरात आली तर एतोशा आणि क्रूगर ऐन भरात असतात, उकाडा मात्र सोसावा लागतो. माराकडेही कळप बहुधा असतात. दिवाळी नोव्हेंबरात गेली की दोन्हीकडे पावसाची सुरुवात झालेली असते. निवृत्त शिक्षकांना मात्र सगळे वर्ष मोकळे! त्यांनी फेब्रुवारीत दक्षिण सेरेंगेटी किंवा ऑगस्टमध्ये मारा निवडावे.

आरोग्याचे दोन मुद्दे विसरू नयेत. वरील बहुतेक ठिकाणी हिवतापाचा धोका असतो, कोरड्या महिन्यांत तो कमी होतो. डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. केनियातून परतणाऱ्याला भारतात पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो, आणि लस टोचल्यावर दहा दिवसांनीच तो ग्राह्य धरला जातो.

शेवटी एक गोष्ट. हे सगळे कळप चालता येते म्हणूनच आहेत. बोत्सवानात गुरांचे रोग पसरू नयेत म्हणून १९५०च्या दशकापासून लांबच लांब कुंपणे घातली गेली. १९८०च्या दशकातील दुष्काळात पाण्याची वाट अडून हजारो वाइल्डबीस्ट मेले. सेरेंगेटीच्या उत्तर भागातून पक्का रस्ता नेण्याची योजना २०१० मध्ये पुढे आली होती. पूर्व आफ्रिकी न्यायालयाने २०१४ मध्ये तिच्या विरोधात निकाल दिला. माणसांनीही किंमत मोजली आहे : १९५९ मध्ये मसाई गुराख्यांना सेरेंगेटी सोडावी लागली. ज्या ठिकाणी आपण जाऊ, तेथील वाट कोणासाठी मोकळी आहे आणि कोणासाठी बंद, एवढे विचारून निघावे.

वर्गात हा पाठ सहज करून घेता येईल. कागदावर बारा महिन्यांचे रकाने आखावेत आणि आडव्या ओळींत ताडोबा, सेरेंगेटी, क्रूगर, एतोशा व ओकावांगो लिहावेत. पावसाचे महिने निळ्या रंगाने भरावेत. ओकावांगोच्या ओळीत पुराचे महिने वेगळ्या रंगाने दाखवावेत. मग विद्यार्थ्यांना विचारावे, ‘आपल्या सुट्टीत कुठे जाल?’ उत्तर नकाशातून येते की जाहिरातीतून, ते लगेच कळेल.