टाचेचा थेंब आणि कागदावरचे एन्झाइम

कॅलिफोर्नियातल्या डब्लिनमध्ये भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्यात मराठी घरेही आहेत. नातवंडाच्या जन्मासाठी पुण्या-नाशिकहून तिकडे गेलेल्या आजीच्या मनाला एक गोष्ट लागते. जन्मानंतर १२ ते ४८ तासांत नर्स बाळाची टाच टोचून रक्त घेते. एवढ्याशा जिवाला हा त्रास कशासाठी?

याचे उत्तर दुधात आहे. दुधातल्या साखरेतून शरीराला गॅलॅक्टोज मिळते. त्याचा वापर होण्यासाठी ‘गाल्ट’ नावाचे एन्झाइम लागते. ते जन्मतःच नसेल, तर आईचे दूधही बाळाला बाधते. कावीळ होते, यकृत निकामी होऊ लागते, रक्तात जंतुसंसर्ग होतो, डोळ्यांत मोतीबिंदू धरतो. वेळीच कळले, तर दूध बंद करून सोयायुक्त आहार देतात आणि बाळ वाचते. कॅलिफोर्नियात १९८० पासून नवजात बाळांच्या टाचेच्या रक्तावर ही तपासणी होते.

असे रक्त कागदावर गोळा करण्याची पद्धत अमेरिकेच्या रॉबर्ट गथ्री यांनी रूढ केली. त्यांचा शोधनिबंध १९६३चा. आधी टाच कोमट करतात. स्पिरिट पूर्ण वाळू देतात. टाचेच्या मध्यभागी न टोचता कडेला टोचतात. पहिला थेंब पुसून टाकतात. पुढचा मोठा थेंब जाड गाळण-कागदावरच्या वर्तुळात एकाच बाजूने, एकदाच पडू देतात. टाच जोराने पिळली, तर ऊतींमधला द्रव मिसळून रक्त पातळ होते.

खरी कसोटी यानंतर लागते. या चाचणीत ‘गाल्ट’ एन्झाइम किती काम करते ते मोजतात. उष्णता आणि ओल लागली, की त्याची क्षमता घटते. पापड उन्हात वाळवतात. रक्ताचे ठिपके असलेले हे कागदी कार्ड मात्र सावलीत, आडवे ठेवून, किमान तीन तास वाळवावे लागते. ओले असताना पाकिटात घातले किंवा तापलेल्या गाडीत राहिले, तर निरोगी बाळही आजारी ठरू शकते. उलट बाळाला आधी रक्त चढवले असेल, तर दात्याच्या तांबड्या पेशींमधले एन्झाइम मोजले जाते आणि खरा आजार झाकला जातो. म्हणून नमुना रक्त चढवण्याआधीच घ्यायचा असतो.

कोकणाच्या आणि गोव्याच्या दमट हवेत ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. ‘जी-सिक्स-पीडी’ या एन्झाइमची चाचणीही याच ठिपक्यांवर होते आणि तेही ओलीने लवकर खराब होते. म्हणून वाळलेले कार्ड ओल शोषणाऱ्या पुडीसह बंद पाकिटात, थंड जागी ठेवावे.

महाराष्ट्रात सगळ्याच रुग्णालयांत ही तपासणी आपोआप होत नाही. म्हणून घरी निघण्याआधी डॉक्टरांना विचारा: टाचेचे रक्त घेतले का, अहवाल कधी मिळेल? पुन्हा नमुना मागितला, तर घाबरू नका; त्याचा अर्थ आजार आहेच असा नसतो. मात्र तो त्याच दिवशी द्या.