आदर्श धोनी, पण हातात रायफल!

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक जिंकलं. या प्रकारातलं भारताचं हे पहिलंच ऑलिंपिक पदक!

त्याचा आदर्श कोण? महेंद्रसिंह धोनी. दोघांनीही रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी केली. पण स्वप्नीलने धोनीकडून घेतला तो शांतपणा. नेमबाजीत श्वास चुकला की नेम चुकतो, म्हणून त्याला हाच गुण हवा होता.

तंत्र मात्र त्याने नेमबाजांकडूनच घेतलं. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या.

यातून आपण काय घ्यायचं?

✅ यशस्वी माणसाची नक्कल नको, त्याचा एक गुण निवडा.
✅ तो गुण आपल्या कामात कुठे लागेल, हे आधी ठरवा.
✅ स्वभाव कुणाकडूनही शिका, कौशल्य मात्र त्याच क्षेत्रातल्या जाणत्या माणसाकडून.
✅ सराव सोडू नका. स्वप्नीलने रायफल हाती घेतली त्याला पॅरिसपर्यंत दहा वर्षांहून जास्त काळ लोटला होता.

तुमचा आदर्श कोण आणि त्याचा कोणता गुण तुम्ही घेताय? कमेंटमध्ये नक्की लिहा!