हवेत टिकणारा रेणू-चुंबक

चुंबक अतिसूक्ष्म केला की तो आपली दिशा विसरतो. मात्र मँगनीजचे १२ अणू असलेला एकेक रेणू अतिशीत तापमानात ती लक्षात ठेवतो, हे रॉबर्टा सेसोली, दान्ते गात्तेस्की आदींनी १९९३ साली दाखवले. म्हणजे एका रेणूत माहितीची एक नोंद!

मुंबई आयआयटीचे गोपालन राजारामन अशा रेणूंचे गणित संगणकावर मांडतात. २०१६ मध्ये त्यांनी व रामस्वामी मुरुगवेल यांनी सहकाऱ्यांसह डिस्प्रोसियमचा रेणू-चुंबक सादर केला : वर-खाली दोन घट्ट बंध, कमरेभोवती पाण्याचे पाच रेणू. तो उघड्या हवेत टिकतो. २०१८ चा ससेक्सचा रेणू उणे १९३ अंशांपर्यंत स्मृती राखतो, पण हवेत बिघडतो; पवईच्या रेणूला अधिक थंडी लागते. हे दोन्ही गुण एकत्र आल्याशिवाय रेणू-चुंबक प्रयोगशाळेबाहेर पडणार नाही.