उतरवून आणलेलें उत्तर आणि मोजून आणलेलें उत्तर

सहावी-सातवींतील मूल ज्या घरांत आहे, त्या घरांतील रविवारची रात्र आपणांपैकीं पुष्कळांच्या परिचयाची असेल. उद्यां प्रकल्प द्यावयाचा आहे, हें मुलाला नेमकें रात्रीं नऊ वाजतां आठवतें. मग वडील मोबाइल हातीं घेतात, आई रंगीत कागद कापूं लागते, थोरला भाऊ कोपऱ्यावरच्या दुकानांतून चित्रें छापून आणतो; आणि ज्याचा प्रकल्प, तें मूल अकराच्या सुमारास भिंतीला टेकून झोपीं गेलेलें असतें. सोमवारीं शिक्षकांच्या मेजावर सुबक वह्यांचा ढीग पडतो.

त्या मेजाच्या दुसऱ्या बाजूस मीं अनेक वर्षें काढलीं आहेत. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. संगणक मला नोकरीच्या उत्तरार्धांत भेटला, आणि खरें सांगावयाचें तर तो मला मुलांनींच शिकविला. तेव्हां आज जें सांगणार आहें तें पंडिताचें मत म्हणून ऐकूं नये. एका प्राथमिक शिक्षकाच्या हातून काय चुकलें आणि कांहीं अंशीं काय साधलें, एवढाच त्याचा आवाका आहे.

महाराष्ट्रांत २०१० सालीं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धति आली आणि लेखी परीक्षेच्या जोडीला उपक्रम, प्रकल्प, प्रात्यक्षिक यांनाही गुण मिळूं लागले. हेतु उत्तम होता. पंचगंगेच्या कांठीं, कोल्हापूरजवळच्या एका शाळेंत मी तेव्हां सातवीचा वर्ग पाहत होतों. मीं पहिलाच विषय दिला, 'जलप्रदूषण'. एकतीस मुलांनीं एकतीस वह्या आणल्या. त्यांपैकीं बावीस वह्यांतील मजकूर शब्दशः एकच होता. तिघांनीं तर मूळ संकेतस्थळावरील एका क्लासची जाहिरातही भक्तिभावानें उतरून काढली होती. सर्वांनीं गंगेविषयीं लिहिलें होतें, कांहींनीं यमुनेविषयीं. शाळेच्या पाठीमागून पंचगंगा वाहत होती. तिचें नांव एकाही वहींत नव्हतें.

मी रागावलों. तेव्हां पुढच्या बांकावरची एक मुलगी शांतपणें म्हणाली, "गुरुजी, तुम्हीं विचारलेलं सगळं तिथं आयतंच होतं की." त्या वाक्यानें माझा राग ओसरला, कारण तें खरें होतें. मुलांनीं लबाडी केली असें मी समजत होतों. पण त्या लबाडीला जागा मीं माझ्या प्रश्नांतच करून ठेवली होती. ज्याचें उत्तर तयार पडलें आहे तें मागितल्यावर मूल तें उचलून आणणार, यांत नवल तें काय? २०२२ च्या अखेरीपासून तर मागाल तो निबंध, मागाल त्या भाषेंत, क्षणांत लिहून देणारीं यंत्रें सर्वांच्या हातीं आलीं आहेत. त्यामुळें हा प्रश्न आतां एका शाळेचा राहिलेला नाहीं.

मग आंतरजाल वर्गाबाहेर ठेवावें काय? माझें उत्तर 'नाहीं' असें आहे. आंतरजालाचे दोन उपयोग आहेत. एक कोठाराचा आणि दुसरा टपालाचा. कोठारांतून आपण घेतों, टपालानें आपण पाठवितों. शाळेंत आपण पहिलाच उपयोग शिकवितों आणि दुसरा विसरतों. पण पाठवावयाचें म्हटलें कीं आपल्याजवळ स्वतःचें कांहीं असावें लागतें. आणि तें मिळवितांना जें घडतें तेंच शिक्षण होय.

यासाठीं एक उदाहरण सविस्तर सांगतों. इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरींत एराटोस्थेनीस नांवाचा ग्रंथपाल होऊन गेला. दक्षिणेकडील सायनी, म्हणजे आजचें आस्वान, या गांवीं वर्षांतील सर्वांत मोठ्या दिवशीं भर दुपारीं उभ्या वस्तूची सावली पडत नाहीं, हें त्याला ठाऊक होतें. त्याच दिवशीं अलेक्झांड्रियास सावली पडे. तिच्यावरून सूर्य डोक्यावरून किती कलला आहे तें त्यानें काढलें. तो कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका भरला. मग दोन गांवांतील अंतराची पन्नास पट म्हणजे पृथ्वीचा परीघ! सातवीच्या त्रैराशिकांत बसणारें हें गणित आहे. मात्र त्याला दोन गांवांची माहिती लागते. एका शाळेला, आपल्या अंगणांत कितीही काठ्या रोवल्या तरी, तें सुटत नाहीं. येथें टपालाची गरज लागते.

माझे एक शिक्षक-स्नेही उज्जैन येथें होते. प्राचीन भारतीय ज्योतिषी रेखांशाची गणना जेथून करीत तेंच हें उज्जैन. तेथील मुलांशीं सावलीचा व्यवहार करावा ही कल्पना आम्हां दोघांनाही आवडली. २० मार्च २०१३ हा, दिवस आणि रात्र जवळजवळ समान असण्याचा दिवस, आम्हीं ठरविला. दिवस कोणताही चालला असता. दोन्ही ठिकाणीं तो एकच असणें मात्र अवश्य होतें. पत्रव्यवहार ईमेलनें आणि हिंदींत व्हावयाचा, तोही मुलांनींच करावयाचा. पाठ्यपुस्तकांतील पत्रलेखनाला कंटाळणारीं मुलें 'ओळंबा' याला हिंदींत काय म्हणतात यावर तासभर वाद घालूं लागलीं.

बरोबर एक मीटर उंचीची काठी आम्हीं ओळंब्यानें सरळ उभी केली. सव्वाबारापासून दर पांच मिनिटांनीं सावलीच्या टोंकाशीं खडूनें खूण करूं लागलों. बारा वाजतां सावली सर्वांत आखूड असते, अशी सर्वांची, आणि थोडीशी माझीही, समजूत होती. पण सावली बारा-चाळीसपर्यंत आखडतच राहिली! आपलें घड्याळ साऱ्या देशासाठीं एकाच रेखांशाला, साडेब्याऐंशी अंशांना, बांधलेलें आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेस राहतों, हें मीं पूर्वीं दहा वेळां फळ्यावर लिहिलें असेल. तें मुलांना समजलें त्या दिवशीं. उज्जैनची सावली आमच्याहून सहा मिनिटें आधीं सर्वांत आखूड झाली, असें संध्याकाळच्या ईमेलनें कळलें, तेव्हां उज्जैन आपल्या पूर्वेस आहे हें नकाशा न पाहतां मुलांनीं ओळखलें.

आमची सावली ३० सेंटिमीटर भरली, उज्जैनची ४३. मुलांनीं वहींत प्रमाणांत त्रिकोण काढले आणि कोनमापकानें कोन मोजले; आमचा १७ अंश, त्यांचा २३. फरक सहा अंश. नकाशाच्या प्रमाणपट्टीवरून दक्षिणोत्तर अंतर सुमारें ७२० किलोमीटर आलें. सहा अंशांना ७२०, तर ३६० अंशांना किती? उत्तर आलें ४३,२०० किलोमीटर.

पृथ्वीचा ध्रुवांवरून जाणारा परीघ सुमारें ४०,००० किलोमीटर आहे. एका मुलानें तो आंकडा तत्काळ शोधून आणला आणि विचारलें, "गुरुजी, आपलं चुकलंय. खोडून हेच लिहू का?"

श्रोतेहो, येथें मला एक कबुली द्यावयाची आहे. दुसऱ्याच दिवशीं शाळा पाहावयास पाहुणे यावयाचे होते. सहाच्या जागीं साडेसहा अंश लिहिलें कीं उत्तर जवळजवळ बरोबर येतें, हें मीं मनांतल्या मनांत ताडून पाहिलें होतें. आणि तसें करावें असा मोहही मला झाला. मुलांनीं कोठून तरी उतरविलें म्हणून ज्यानें संताप केला, तोच मी आतां त्यांना आंकडा उतरून घ्या म्हणावयास निघालों होतों. मीं खडू त्या मुलाच्या हातीं दिला. त्यानें तक्त्यावर लिहिलें, '४३,२००. सुमारें ३,२०० किलोमीटर जास्त. कां?' पाहुण्यांनीं तो तक्ता तसाच पाहिला.

त्या 'कां' नें पुढचे चार दिवस घेतले. आमच्या मुलांनीं उज्जैनला विचारलें, "तुमची काठी सरळ होती का?" उलट टपालीं तोच प्रश्न आम्हांला आला. अखेरीस एका मुलीच्या लक्षांत आलें कीं, वहींतला त्रिकोण फार लहान आहे आणि कोनमापकाची रेघ पेन्सिलीच्या टोंकाएवढी जाड. मग त्यांनीं वर्गाच्या जमिनीवर खऱ्या मापाचा त्रिकोण आंखला, पुठ्ठ्याचा हातभर रुंद कोनमापक केला आणि पुन्हां मोजलें. उज्जैनच्या मुलांनींही तसेंच केलें. आमचा कोन साडेसोळांच्या किंचित् वर भरला, त्यांचा तेविसांच्या किंचित् वर. फरक धरला साडेसहा अंश, आणि परीघ आला ३९,९०० च्या आंत-बाहेर. कागदावरचा अर्धा अंश म्हणजे पृथ्वीवर तीन हजारांहून अधिक किलोमीटर! मोजमाप कसोशीनें कां करावें, यावर मला पुढें कधीं व्याख्यान द्यावें लागलें नाहीं.

हें झालें शास्त्राचें. भाषेच्या आणि कल्पकतेच्या स्वाध्यायांनाही हाच नियम लागू पडतो. 'पुराचें एक दृश्य' असा निबंध मी दरवर्षीं देत असें आणि दरवर्षीं त्यांत तोच 'निसर्गाचा रौद्रावतार' वाचीत असें. २००५ च्या महापुराला दहा वर्षें झालीं तेव्हां मीं निबंध दिला नाहीं. घरांतील अगर शेजारच्या एका वडीलधाऱ्या माणसाला दोन प्रश्न विचारून या, असें सांगितलें. पाणी कोठवर आलें होतें तें भिंतीवर दाखवा. आणि घर सोडतांना पहिल्यानें काय उचललें?

पहिलें उत्तर उंबऱ्यापासून फुटपट्टीनें मोजावयाचें होतें, दुसरें त्या माणसाच्याच बोलींत उतरून आणावयाचें होतें. कोणी म्हशींचीं दावीं सोडलीं होतीं, कोणी रेशनकार्ड कमरेला खोंवलें होतें. एका आजीनें वर्षाच्या तिखटाची बरणी डोक्यावर घेतली होती, "भांडी काय, नवी येत्यात, तिखट कोण कुटून देणार?" असें तिचें म्हणणें नातीनें जसेंच्या तसें लिहून आणलें. हें वाक्य जगांतील कोणत्याही कोठारांत सांपडलें नसतें. शेजारशेजारच्या दोन घरांच्या खुणा जुळेनात, तेव्हां एका मुलाच्या गवंडी वडिलांनीं पाणी भरलेली पारदर्शक नळी आणून दोन्ही भिंतींची पातळी जुळवून दाखविली. एका आजोबांची आठवण वीतभर चढली होती! मग मुलांनीं आंतरजालावरील नकाशावर गांवांतील या खुणा उंचीसह नोंदल्या.

आतां पालकांच्या मनांतील शंकांकडे वळतों. मूल सतत पडद्यापुढें बसेल, ही पहिली. आमच्या वर्गांत संगणक एकच होता. सारें काम हातांनीं, उन्हांत किंवा लोकांच्या दारांत होई आणि पडद्यापुढें शेवटचीं वीस मिनिटें जात. ज्या मुलाच्या घरीं मोबाइल नाहीं त्याचे गुण त्यामुळें जातां कामा नयेत. म्हणून पाठवण्याचें काम शाळेंतच व्हावें. दुसरी शंका सुरक्षिततेची, आणि ती रास्त आहे. मुलाचें पूर्ण नांव, छायाचित्र किंवा घराचा पत्ता बाहेर जाऊं नये. पत्रव्यवहार शिक्षकांच्या खात्यावरून आणि त्यांच्या देखत व्हावा. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वीं पालकांची संमति घ्यावी, अशी तरतूद २०२३ च्या कायद्यांतही आहे. तिसरी शंका गुणांची. माझी विनंती अशी कीं, शिक्षकांनीं निम्मे गुण अखेरच्या सुबक तक्त्याला न देतां नोंदवहीला द्यावेत. जिच्यांत खाडाखोड आहे, फसलेलें माप आहे आणि त्यापुढें 'कां' असें लिहिलेलें आहे, त्या वहीला.

शहरांतील घरांनाही यासाठीं शाळेची वाट पाहण्याचें कारण नाहीं. दरवर्षीं फेब्रुवारींत चार दिवस जगभर पक्षिगणना होते. भारत २०१३ पासून तींत भाग घेत आहे. गच्चींत पंधरा मिनिटें उभें राहून दिसलेले कावळे, साळुंक्या, पारवे मोजावयाचे आणि तो आंकडा पाठवावयाचा, एवढेंच काम असतें. त्या पंधरा मिनिटांत पालकांनीं एकच पथ्य पाळावें. मुलानें नऊ मोजले आणि आपल्याला अकरा दिसले, तर अकरा सांगूं नयेत. "पुन्हां एकदां मोजूं या का?" असें विचारावें.

मी निवृत्त झाल्यानंतर, २०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगेला पुन्हां महापूर आला, आणि तो २००५ च्या खुणांच्याही वर चढला. मुलांनीं नोंदलेल्या साऱ्या रेघा पाण्याखालीं गेल्या. पाणी ओसरल्यावर एके दिवशीं मला फोन आला. त्या सातवींतला एक विद्यार्थी होता. आतां त्याला मिसरूड फुटलें होतें. घर चिखलानें भरलेलें, आणि हा विचारीत होता, "गुरुजी, भिंत धुवायच्या आधी नवी रेघ मोजून घेतलीय. जुन्या नकाशावरच घालू का?"

हा प्रकल्प त्याला कोणीं दिला नव्हता आणि त्याला गुणही नव्हते. मीं त्याला इतकेंच विचारलें, "उंबऱ्यापासूनच मोजलीस ना?"

"होय गुरुजी," तो म्हणाला, "दोनदा."